फुलांऐवजी आलेली शिष्यवृत्ती अनुदानातून वजा न करण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
विद्यार्थी अर्थसाहाय्य कार्यालय,
व्हिटकोम कॉलेज, मिशिगन

विषय : कु. टेसा कांगस (प्रथम वर्ष) हिचे कमी केलेले अनुदान पूर्ववत करणेबाबत.
संदर्भ : आपले दि. ९ ऑगस्टचे सुधारित पत्र.

महोदय,

आपले पत्र आले, तेव्हा मी अंगणात गवत कापत होतो. टेसाने ते पायरीवर बसून वाचले आणि माझ्या हातात दिले. "बाहेरील शिष्यवृत्ती मिळाल्याने विद्यार्थिनीची गरज कमी झाली आहे, सबब कॉलेजचे अनुदान तेवढ्याच रकमेने कमी करण्यात येत आहे," असे त्यात लिहिले आहे. रक्कम ३,८०० डॉलर.

१. ही शिष्यवृत्ती कुठून आली ते सांगणे भाग आहे. माझी पत्नी लोर्ना एकोणीस वर्षे आमच्या गावच्या शाळेची बस चालवत होती. ती ३ मे रोजी वारली. आमच्याकडे अंत्यविधीला लोक फुले पाठवतात. तिने इस्पितळातच मला बजावले होते, "फुलं नकोत. त्या पैशात टेसाची पुस्तकं येतील. आणि लिलीच्या वासाने मला शिंका येतात. पेटीतून शिंकले तर पास्टर पळून जातील." तिच्या म्हणण्याप्रमाणे, फुलांऐवजी टेसाच्या शिक्षणासाठी पैसे द्यावेत, असे वर्तमानपत्रात छापले. तिच्या शवपेटीवर एकही फूल नव्हते. लोकांनी दिलेले पैसे चर्चच्या समितीने तिच्या नावाने शिष्यवृत्ती करून थेट कॉलेजला पाठवले.

२. आपल्या फॉर्मवर बाहेरील मदत कळवा असे होते, म्हणून टेसाने स्वतःहून कळवली. आता ती मला विचारते, "बाबा, मी गप्प बसले असते तर?" मी तिला खोटे बोलायला कधी शिकवले नाही.

३. मी आपल्या कार्यालयाला फोन केला. बाई सौजन्याने बोलल्या. नियम सर्वांना सारखा आहे, असे त्यांनी सांगितले. त्यांच्याकडूनच कळले की आमचे उत्पन्न दोन वर्षांपूर्वीचे धरले आहे. त्यात लोर्नाचा पगारही आहे. म्हणजे पगारापुरती ती जिवंत आहे आणि शिष्यवृत्तीपुरती मेलेली आहे. एकाच फॉर्मवर दोन्ही कसे बसते, हे मी विचारले. त्या लेखी अर्ज करा म्हणाल्या. म्हणून हा अर्ज.

४. समितीचे खजिनदार ऑर्विल माकी यांना मी हे सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे रेनो, आम्ही सगळ्यांनी मिळून कॉलेजला फुलं पाठवली म्हणायची." ते चेष्टेने बोलले, पण मला हसू आले नाही.

५. टेसाने शिक्षणासाठी घेतलेले कर्ज आहे तेवढेच आहे. कॉलेजच्या भोजनगृहात भांडी धुण्याचे तिचे तासही आहेत तेवढेच आहेत. वजा करायचेच असेल तर ही रक्कम त्या कर्जातून वजा करावी, अनुदानातून नको. तसेच लोर्नाचा पगार उत्पन्नातून काढून हिशेब पुन्हा करावा. मृत्यूचा दाखला आणि शाळेने तिचे नाव कमी केल्याचे पत्र सोबत जोडले आहे.

६. मी रस्त्यांवरचा बर्फ काढण्याचे यंत्र चालवतो. कागदपत्रे लोर्ना बघत असे, तेव्हा लिहिण्यात चूक झाली असल्यास माफी असावी. मात्र पत्रातला 'गरज' हा शब्द मी पुष्कळदा वाचला. ती गेल्यापासून आमच्या घरात कोणाची कोणती गरज कमी झाली, हे मला अजून सापडलेले नाही.

७. कॉलेज २८ तारखेला सुरू होत आहे, तरी त्याआधी उत्तर मिळावे. एकशे बारा जणांनी पैसे दिले. त्या प्रत्येकाला टेसाने आपल्या हाताने आभाराचे कार्ड लिहायचे, अशी आमच्याकडे रीत आहे. पाकिटांवर पत्ते घालून झाले आहेत. तुमच्या पैशातून पुस्तके आली, असे लिहिले तर ते खोटे होईल, आणि खरे काय ते तिला लिहवत नाही. एकही कार्ड अजून लिहून झालेले नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
रेनो कांगस
(टेसाचे वडील)
आल्डर फॉल्स, मिशिगन
दि. १९ ऑगस्ट