दहाव्या भाकरीचा देश

माय, तुझा लोखंडी तवा अजून मीच वापरते. सुनेने हौसेने आणलेला नॉनस्टिक तवा माळ्यावर आहे आणि तिथेच बरा आहे. भाकरी थापताना तुझी आठवण रोजच येते, पण आज तुला काही सांगायचं आहे.

मिशनकडून पोस्टाने मासिक यायचं. त्यात देशोदेशीच्या बातम्या असायच्या, प्रभूच्या नावासाठी कुणी तुरुंगात गेलेलं, कुणाचं घर जाळलेलं. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून दर रविवारी मी चुलीशी बसून देशांची नावं वाचायची आणि तू एकेका भाकरीला एकेक देश घ्यायचीस. भाकर तव्यावर पडते, फुगते, तोवर तिथल्या विश्वासींसाठी तुझे ओठ हलत असतात. नावांचं मात्र तू पार भरीत करायचीस. इराणचं ‘विराण’ झालं तेव्हा मी, सातवीतली शहाणी, खो खो हसले आणि पिठाच्या हाताचा धपाटा खाल्ला.

“काऊन दात काढून राह्यली? नाव चुकलं तं चुकू दे. कोणाचं घर कुठी हाय, थे देवाले ठाऊक हाय.”

एका रविवारी भाकरी दहा निघाल्या आणि मासिकात देश नऊच. “आता हे कोणाची?” गोळा हातात धरून तू विचारलंस. मला लंगडी खेळायला पळायचं होतं. तोंडाला आलं ते बोलले, “झांबुरिया.”

“लय तरास हाय काय वं तिकडे?” तुझे डोळे भरलेले. मी हो म्हटलं आणि धूम ठोकली. त्यानंतर शेवटची भाकर कायमची झांबुरियाची झाली. अंथरुणाला खिळलीस तेव्हाही मला विचारायचीस, “झांबुरियाचं काई समजलं काय?”

आता आपली पाळी आली, माय. प्रार्थना अजून आपल्याच घरी भरते. मध्यंतरी चारपाच जण दारात आले आणि पुन्हा गाणी ऐकू आली तर याद राखा, म्हणाले. मी घाबरले. चर्चच्या पाळकांना फोन करून आता आपल्या घरी प्रार्थना नको म्हणून सांगितलं आणि तीन रविवार आतून कडी घालून बसले.

चौथ्या रविवारी पाळक आणि आपली नेहमीची माणसं नुसती भेटायला आली. पाळकांनी मोबाईलवर एक व्हिडिओ लावला. कुठल्याशा दूर देशातल्या बाया आपल्यासाठी प्रार्थना करत होत्या. भाषा काही कळेना. एकच शब्द पुन्हा पुन्हा येत होता, “डोंगागावो, डोंगागावो.” आपलं डोणगाव! सगळे हसले, मी सगळ्यांत मोठ्याने, आणि हसता हसता मला रडू फुटलं. मग उठले आणि दार सताड उघडलं. शेजारचे गुरुजी पूजा आटोपून खुर्ची घेऊन आपल्या ओट्यावर आले. “तुम्ही गा हो, मी अठीच पेपर वाचून राह्यलो,” म्हणाले. आम्ही गायलो, नेहमीसारखे बेसूर.

हे पत्र त्या जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यात ठेवून देईन. झांबुरिया नावाचा देश कुठेच नाही, माय. मीच रचला होता. धपाट्याच्या भीतीने तुला शेवटपर्यंत सांगितलं नाही. आज शेवटची भाकर तव्यावर टाकताना माझ्या तोंडून तेच नाव निघालं, आणि मी ते बदललं नाही.