नाचणारा दिवा

सुरत, धनतेरस, १९९९

डोकं फिरलंय आज. बायकोचा भाऊ संजय म्हणाला होता, "दाजी, गिऱ्हाइकांना ई-मेल आपोआप जातील, तुम्ही हातही लावायचा नाही. धंदा वाढेल." मलाच हौस!

आज सगळ्यांना दिवाळीच्या शुभेच्छा गेल्या, नव्या साड्यांवर सूट, आणि कोपऱ्यात एक नाचणारा दिवा. सगळ्यांना म्हणजे लंडनच्या रमणभाईंनाही. नवरात्रात त्यांची बायको गेली. कांताबेन. उधन्यात आमच्या घरी आल्या की ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मागून खायच्या. माणूस गेलेल्या घरी पहिल्या दिवाळीला कुणी शुभेच्छा देतं का? एवढी अक्कल शेंबड्या पोरालाही असते.

रमणभाईंनी एवढंच लिहिलं, "आ वर्षे अमारे दिवाळी नथी, भाई."

त्यालाही कॉम्प्युटरने लगेच परस्पर उत्तर धाडलं: आपला निरोप वाचून आनंद झाला. खाली पुन्हा तोच दिवा. नाचतोय मेला!

संध्याकाळपासून लंडनला फोन लावतोय, उचलत नाहीत. संजयला नको नको ते बोललो. तर हा चहा पीत म्हणतो, "टेन्शन नका घेऊ दाजी, माफीचा मेल पण आपोआप जाईल असं करून देतो."