सतरा नंबरचा कॅमेरा

१२ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबा,

साष्टांग नमस्कार. साष्टांगाची मला आता सवयच झालीय. कॅमेरा किती अंतरावरून टिपतो हे तपासायला आम्ही त्याच्यासमोर रानडुकरासारखं चार पायांवर चालतो. माझे गुडघे सोलले आणि सहकाऱ्यांनी ते फोटो ऑफिसच्या भिंतीवर लावले. हसा पोटभर.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्ही "मी ठणठणीत, आईशी बोल" म्हणून मोकळे होता.

गेल्या महिन्यात घरामागच्या जंगलात लावलेल्या चाळीस कॅमेऱ्यांची कार्डं आली. "तीस वर्षं या रानात गार्ड होतो, डुकरं मोजायला हे डबे कशाला टांगतेस? साठ आहेत," म्हणाला होतात ना? डुकरांना पट्टे नाहीत, ठिपके नाहीत, सगळी सारखीच. एकच आठदा समोरून गेलं म्हणून आठ होत नाहीत. त्यामुळे किती वेळा दिसली, किती वेगानं चालली, यावरून गणित मांडावं लागतं. उत्तर आलं अठ्ठावन्न! साहेबांना मी ऐटीत सांगितलं, "आमच्या बाबांनी हे घरबसल्या सांगितलं होतं."

इथवर लिहून चहा करून आले. आता मूग गिळून बसण्यात अर्थ नाही.

फोटोत माणूस दिसला की तो लगेच पुसायचा, असा आमचा नियम आहे. सतरा नंबरच्या कॅमेऱ्यातला माणूस मी पुसला नाही. तो तुम्ही होतात. ओढ्याजवळच्या वळणावर सकाळी आठला डावीकडून उजवीकडे गेलात. साडेआठला पुन्हा डावीकडून उजवीकडे. नऊला पुन्हा तसेच. म्हणजे तुम्ही गोल गोल फिरत होतात. तिसऱ्या फोटोत झाडाला धरून उभे आहात, आणि बाबा, तुम्ही घाबरलेले आहात. असं एकदा नाही, महिन्यात सहा वेळा.

आधी वाटलं, कॅमेऱ्याचं घड्याळ बिघडलं असेल. तपासलं. बरोबर होतं. मग आडून आडून आईला विचारलं. "रानात गेले की रमतात गं, वेळेचं भान राहत नाही," म्हणाली. तिलाही सांगितलं नाहीत. सांगितलं तर रानात जाणं बंद होईल, हीच धास्ती ना? मला राग नाही आला. रडू मात्र फार आलं.

तुमचं रान कुणी बंद करणार नाही. फक्त मी येईपर्यंत एकटे जाऊ नका. महिन्याची रजा काढून रविवारी मी येतेय. आधी डॉक्टरांकडे जाऊ, मग रोज सकाळी दोघं रानात. तुम्ही पुढे, मी मागे. चुकलात तर काही बोलणार नाही, नुसती हळूच पुढे होईन.

आणि दारात मला बघून नाव चटकन आठवलं नाही, तर ओशाळू नका. मी सांगेन.

तुमची लेक,
एकुलती एक