ठरवून केलेला राडा

३ एप्रिल, गुरुवार
दौंड. तोंड धुवायच्या आधीच नानांचा फोन. लावणीची पार्टी त्यांची, नाचणारी मोहिनी, आणि तिचा गवगवा करायचं काम माझं. "सीझन थंड हाय, शीला. कार्यक्रमाच्या सुपाऱ्या यायच्या तर शनिवारची जत्रा गाजली पायजे." गाजली म्हणजे राडा. तिसऱ्या गाण्याला आपल्याच पार्टीतला दिल्या गर्दीत खुर्ची भिरकावणार, मी शूट करणार, लगेच सगळ्या चॅनेलवाल्यांना: 'मोहिनीच्या कार्यक्रमात तुफान राडा!' लोक म्हणतात गावोगावची पोरं बिघडली. पोरं कशाला, आम्ही आहोत ना! किळस येते. तरी पोस्टर करून दिलं.

५ एप्रिल, शनिवार
तळेगाव ढमढेरेच्या पलीकडची वाडी. माणसं इतकी सभ्य की पंचाईतच. बायाबापड्या लेकरं घेऊन पुढं, म्हातारे माना डोलवतायत. नानांना म्हटलं, आज राहू द्या. "का? देवदर्शनाला आलीस व्हय?"
तिसरं गाणं. दिल्याची खुर्ची सरळ स्टेजवर. मोहिनीच्या डोळ्यावर. मग पळापळ, किंकाळ्या. आणि मी शूट करतेय. हात थांबलाच नाही मेला. नाना कानाशी: "रक्ताचा क्लोजअप घे. पुसू नको तिला."
शी.

६ एप्रिल, रवि.
आई चर्चला निघाली. "येतेस का गं?" मी रीलला गाणं चढवत बसलेली. मोहिनीला टाके पडलेत. डोळ्याचं डॉक्टर आत्ता काही सांगत नाहीत. हेडिंग माझंच: 'गावगुंडांचा धुडगूस, मोहिनी रक्तबंबाळ'. गावगुंड म्हणे! आमचा गुंड तेव्हा टेम्पोत बसून वडापाव हाणत होता. सुपाऱ्यांचे फोन सुरू झालेत. नाना खूश. उचलू नये वाटतं एकही.

८ एप्रिल, मंगळ.
व्हिडिओ बघून पोलिसांनी वाडीतला एक तरुण उचलला. रांजणगावला कंपनीत आहे, अजून परमनंट नाही. प्रत्येक फ्लेक्सवर माझा नंबर, म्हणून त्याच्या वडिलांनी थेट मलाच फोन लावला. "ताई, त्यो फेकत न्हवता हो. दुसऱ्या खुर्च्या याया लागल्या, तवा त्या पोरीला लागू नये म्हनून आडवी धराया उचलली त्यानं. तुमच्याकडं आख्खा व्हिडिओ आसंल न्हवं?"
बघते आबा, म्हटलं.
बघायचं काय? आहे. आख्खा आहे. दिल्या आहे त्यात, आणि तो पोरगाही. स्टेजच्या कडेला उभा राहून खुर्ची ढालीसारखी धरलेला. ते मीच कापलं. नुसता हात वर जातो तेवढं ठेवलं. फ्रेम चांगली दिसत होती म्हणून.

१० एप्रिल, गुरु.
नानांकडं गेले. त्या पोराची नोकरी जाईल, म्हटलं. "मग काय दिल्याला आत घालू? आन् शूटिंग कुनाचं? तू बी जाशील." मग चहा मागवला. पुढच्या पोस्टरला मोहिनी पट्टीसकट हवीय. 'जखमी वाघीण परत येतेय.' डोळा राहतो की जातो पत्ता नाही, आणि यांची वाघीण तयार! चहा तसाच ठेवला. मूळ व्हिडिओ उडव म्हणाले. हो म्हटलं. उडवला नाही. पाठवलाही नाही कुणाला. माझीच मला घाण वाटतेय, आणि तरी...

११ एप्रिल, शुक्र.
दुपारी दवाखान्यात. मोहिनी भिंतीला टेकून बसलेली, भांडगावहून आलेली तिची आई शेजारी पेंगत होती.
"ताई, आपला दिल्या व्हता ना?"
मी संत्रं सोलत राहिले.
"मला वाटलंच. आन् त्या वाडीच्या पोराला धरलाय म्हनं."
उद्या पोलीस तिचा जबाब घ्यायला येणार. चॅनेलसमोर ती आजवर जे जे बोलली, ते मी लिहून दिलेलं. रडायचं कुठं, तेसुद्धा. पाठांतर इतकं पक्कं की एक शब्द चुकत नाही. नाना सकाळीच सांगून गेलेत, शीला सांगेल तसंच बोलायचं.
"लिहून नका आणू," म्हणाली, "डोळ्याला अक्षर लागत न्हाई अजून. तोंडीच सांगा. काय म्हनू त्यांना?"
सकाळी येऊन सांगते, म्हटलं आणि उठले. दारापर्यंत पोचले तर मागून हाक.
"लौकर या ताई. पाठ व्हाया पायजे ना."