हात मोडला म्हणून ओळखू आलेलं झुडूप

चिरंजीव,

तू जिंकलास. कुंपणाजवळचं झुडूप खरंच इथल्या रानफळाचंच निघालं. नर्सरीवाल्या बाईंनी पान, काटा, फळ सगळं बघून सांगितलं. थोडी फळं वाटीत ठेवलीत, बिनधास्त खा. माझी जीभ जांभळी झालीय.

बाई म्हणाल्या, "दरवर्षी ऐन कळ्या येताना छाटता, मग फळ धरणार कधी?" यंदा माझा हात प्लास्टरमध्ये, म्हणून ते वाचलं. चाळीस वर्षं सलून चालवलं, वाढलेलं काही दिसलं की हात शिवशिवतात.

काल तुझ्या केसांवरून नको ते बोललो, तू भरल्या ताटावरून उठलास.

प्लास्टर काढायला गेलोय. घाबरू नकोस, कात्री कपाटात कुलपात आहे आणि किल्ली तुझ्या आईकडे.

बाबा