दहावा अर्ज

वान, ७ मे

प्रिय सोसिन,

वीस-बावीस वर्षांनी माझं पत्र, तेही आपल्या कुर्दीत, बघून म्हणशील, या फर्झेंदला झालंय तरी काय! आयुष्यभर कुर्दीत भांडलो, रडलो, लग्नसुद्धा जमवलं. पण लिहायची ही पहिलीच खेप. शाळेत तुर्कीच शिकलो ना आपण. माझी लेक देलाल सहावीत आहे. तिला गृहपाठ मिळालाय, घरातल्या मोठ्या माणसाकडून मायबोलीत एक पत्र लिहून घ्यायचा. कुणाला लिहू म्हणून बसलो, तर तुझ्याशिवाय दुसरं नावच सुचेना.

आठवतं का गं कँटीनमधलं ते कोपऱ्यातलं टेबल? दाताखाली साखरेचा एकच खडा धरून तू चहाचे तीन पेले रिचवायचीस, आणि बडबड अखंड चालू. कॉलेजात कुर्दीचा एक तास ठेवा, ऐच्छिक का होईना, एवढंच तर मागायचं होतं आपल्याला. घोषणा नाहीत, दगड नाहीत. ज्यानं त्यानं आपला अर्ज आपल्या हातानं खिडकीवर द्यायचा. माझा अर्ज वाचून तू म्हणालीस, "अरे, हक्क मागतोयस की पाया पडतोयस?" अख्खं टेबल खो खो हसलं. काय सुंदर दिवस होते ते!

अर्ज द्यायच्या दिवशी गुडघाभर बर्फ होता. रांगेत तू माझ्या पुढे होतीस. दारात पोलिसांची गाडी थांबली आणि मी म्हणालो, "आईला बरं नाहीये, घरून निरोप आलाय." तू म्हणालीस, "मग थांबलायस कशाला? पळ!" एवढ्याशा अर्जापायी त्या दिवशी तुला पकडून नेलं, मग कॉलेजातून नाव काढलं. तुरुंगातून आलेल्या चिठ्ठीत तुझी पहिलीच ओळ होती, आईची तब्येत कशी आहे? मी पदवी घेतली, पाटबंधारे खात्यात चिकटलो. तू तिकडे आमेद शहरात शिवणकाम करतेस, हे लोकांकडून ऐकत राहिलो. आई ठणठणीत होती, सोसिन. निरोपबिरोप काही आला नव्हता. मी घाबरलो होतो.

गेल्या वर्षी जानेवारीत देलालच्या शाळेनं कुर्दीच्या तासासाठी पालकांचे अर्ज मागवले. दहा आले तर तास, नाहीतर नाही. नऊ आले होते, आणि मी चालढकल करत होतो. देलाल म्हणाली, "बाबा, बाकी नऊ जणींचे बाबा काय वेडे आहेत?" शेवटच्या दिवशी गेलो. कारकून हळूच म्हणाला, "साहेब, सरकारी माणूस तुम्ही. कुर्दीऐवजी जादा गणित घ्या की!" मी दोनदा दाराकडे वळून पाहिलं, खोटं कशाला सांगू? पण पोचपावती मिळेपर्यंत हललो नाही. तास सुरू झालाय.

आईच्या आजारपणाचं ते खोटं तुला सांगायचं आजवर धाडस होत नव्हतं, म्हणून तर हे पत्र. गृहपाठ म्हटल्यावर ते आधी देलालच्या हाती द्यावं लागणार होतं. हवापाण्याचं दुसरं एखादं देता आलं असतं, नाही दिलं. इथवरचं लिहून तिला दिलं, तर चुका काढायला ती लाल पेन घेऊन बसली. बर्फाच्या दिवसापाशी तिचं पेन थांबलं. तेवढा भाग तिनं पुन्हा वाचला. मग पेनाला टोपण लावून म्हणाली, "बाबा, यातल्या चुका राहू देत. सोसिनआत्याला कळू दे, की हे तुम्ही स्वतः लिहिलंय."

तुझाच,
फर्झेंद