मातीचा की वाघाचा

ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर
४ जानेवारी २०२५

चि. मयुरी हिस,

जयभीम. तुझ्या नूतनमामीच्या फोनवर आलेला तुझा निरोप तिने मला वाचून दाखवला. नॉर्वेमध्ये दुपारीच दिवे लावावे लागतात हे ऐकून तिला फार हळहळ वाटली. आम्ही सर्व कुशल आहोत. मराठी मजकूर रोमन लिपीत लिहू नये, ही माझी विनंती तू सातासमुद्रापलीकडे जाताना येथेच विसरून गेलीस असे दिसते. असो.

मी पत्र लिहावयास बसलो की नूतन दारात उभी राहते. "मामाजी, फोनवर बोलून टाका ना. दोन मिनिटांचं काम, अन् तुमी सकाळपासून कागद घेऊन बसले." मी तिला सांगितले की फोनवर माणूस बोलतो आणि पत्रात विचार करतो. "मंग मी फोटो काढून पाठवाचा कशाचा, विचाराचा?" असे म्हणून ती हसत आत गेली. तरीही हे पत्र लिहून झाले की छायाचित्र काढून तीच तुला पाठवणार आहे.

आता मूळ विषय. परदेशांतून आलेल्या विद्यार्थ्यांना तुमच्या विद्यापीठात जे अभ्यासक्रम घेता येतात, त्यांची यादी मी ब्रह्मपुरीला जाऊन मोठ्या अक्षरांत छापून आणली आणि शब्दकोश जवळ घेऊन वाचली. त्यांतून तुला तीन निवडावयाचे आहेत. त्या देशाची भाषा तू घेतलीस, हे उत्तम केलेस. ज्यांच्यात राहावयाचे त्यांचे व्याकरण ठाऊक नसणे म्हणजे चपला घालून स्वयंपाकघरात जाण्यासारखे आहे. उपग्रहाच्या चित्रांवरून जंगल मोजण्याचा अभ्यासक्रमही तुझ्या नागपूरच्या पदवीस धरून आहे.

उरलेल्या एका जागेसाठी तू मला विचारले आहेस. मातीचा घेऊ, की दुसरा?

माझे मत मातीच्या बाजूने आहे. 'वनातील मृदा' हा विषय बांधेसूद आहे. त्याला आरंभ आहे, क्रम आहे आणि शेवट आहे. शिवाय आपण धान पिकवणारी माणसे, म्हणून मातीशी आपला संबंध सांगावा लागत नाही. 'मोठे मांसभक्षक प्राणी आणि मानवी वस्ती' हा जो दुसरा अभ्यासक्रम आहे, त्याचे वर्णन मला सैल वाटले. एकाच परिच्छेदात कायदा, प्राणिशास्त्र आणि समाजशास्त्र अशी खिचडी केली आहे. त्यातच अखेरचे दोन महिने विद्यार्थ्याने आपापल्या देशात परत जाऊन, आपल्या परिसरात हिंडून माहिती गोळा करावयाची आहे. इतक्या दूर शिकावयास जायचे आणि पुन्हा येथेच यावयाचे, यात मला तर्कसंगती दिसत नाही.

घरच्या बातम्या थोड्याच आहेत. लाखोळीची डाळ बरी आली आहे. अंगणात आणि गोठ्यापाशी सौर दिवे बसवले, त्यामुळे संध्याकाळी वाचावयास सोय झाली. नूतन हल्ली शेतावर जात नाही, तिला थोडी विश्रांती हवी होती. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतील नाटकाला यंदा मी गेलो नाही. रात्रभर बसणे आता कमरेस मानवत नाही. तुझे वडील वरोऱ्याहून अधूनमधून फोन करतात. ते मोजकेच बोलतात, मीही मोजकेच बोलतो.

स्वेटर अंगात घालावा, खुर्चीवर टाकून ठेवू नये.

तुझा आबाजी,
बापूजी रामटेके
(निवृत्त मुख्याध्यापक)

॰

११ जानेवारी २०२५

चि. मयुरी,

जयभीम. तू मातीचा अभ्यासक्रम नोंदवलास, हे कळले. निवड बदलण्याची मुभा वीस तारखेपर्यंत आहे, हेही तू कळवलेस. त्याच निरोपात तू पुढे विचारले आहेस, "आबाजी, मामा म्हणतो गावाजवळ परत वाघ आला. तुम्ही लिहिलं का नाही?"

आदेशला मी बोललो. "तुला कोणी विचारले होते?" तो म्हणाला, "तिनंच विचारलं. मी काय लबाडी करू, बाबा? मले तुमच्यासारखं गोल गोल लिहिता नाई येत." आपल्या मुलाने आपल्याला भाषेवरून टोमणा मारावा, हा प्रसंग माझ्यावर प्रथमच आला.

तर लिहितो. वाघ आला आहे. तलावाच्या पलीकडे, धानाच्या बांध्यांत त्याची पावले उमटलेली आहेत. सौर दिवे माझ्या वाचनासाठी बसवलेले नाहीत. नूतन विश्रांती घेत नाही. वनखात्याची माणसे सर्वांनाच एकट्याने शेतावर जाऊ नका म्हणून सांगून गेली आहेत, आणि घरी बसून बसून ती चिडखोर झाली आहे. नाटकाला मीच काय, गावातले कोणीच गेले नाही. ज्या वाटेने बैलगाड्या भरभरून माणसे नाटकाला जात, ती वाट दिवस मावळला की ओस पडते. मागील पत्रात मी एकही वाक्य खोटे लिहिले नव्हते. माझी कंबर दुखतेच आणि त्या दिव्याखाली मी वाचतोच. मात्र सगळी वाक्ये खरी असूनही पत्र खोटे होऊ शकते, हे मला या वयात कळले.

आणखी एक बातमी आहे, ती आदेशने तुला सांगितली की नाही, हे मी त्याला विचारले नाही. शेवटच्या आळीतील सरिता पहाटे लाखोळीची भाजी खुडावयास गेली होती. वाकलेली होती. मंगरू मडावी आणि चार-पाच बाया मागोमाग होत्या, त्यांनी आरडाओरडा केला आणि डबे वाजवले, म्हणून तिचा जीव वाचला. खांद्याला जखम आहे. ती आता दवाखान्यातून घरी आली आहे आणि बोलते. मी भेटावयास गेलो तेव्हा म्हणाली, "गुरुजी, मले मागून आला जी. मले वाटलं कुत्रंच होय." एवढे बोलून ती हसू लागली, आणि तिचे हसू थांबेना. शेवटी तिच्या सासूने तिला कुशीत घेतले.

मी घरी आलो आणि तुझी यादी पुन्हा काढून बसलो.

मयुरी, त्या अभ्यासक्रमाचे वर्णन सैल नाही. ते चांगले लिहिले आहे. मी त्यात दोष शोधत होतो, कारण मला एकच ओळ नको होती. ती म्हणजे अखेरच्या दोन महिन्यांची. या बांधांवरून, या जंगलाच्या कडेने, वही घेऊन हिंडणारी तू मला नको आहेस. तिथे अंधार आहे, बर्फ आहे, तुला जेवण रुचत नाही, हे सर्व मला ठाऊक आहे. तरीही तू तिथेच राहावीस. माझी एक कापणीला आली होती. दरवर्षी दिवाळीनंतर वरोऱ्याहून माहेरी यावयाचे, कापणीला हात लावावयाचा आणि मंडई करून परत जावयाचे, असा तिचा नेम होता. दोन वर्षांपूर्वी ती परत गेली नाही. दुसरी मी येथे बोलावणार नाही.

हे मी वयाचा अधिकार म्हणून लिहीत नाही. भीती म्हणून लिहितो. तू मातीचाच अभ्यासक्रम ठेव.

तुझा आबाजी,
बापूजी रामटेके

॰

१९ जानेवारी २०२५

चि. मयुरी,

जयभीम. माझ्या एवढ्या लांब पत्राला तुझे उत्तर आले, "ठीक आहे आबाजी." या वेळी देवनागरीत लिहिलेस. शुद्ध होते. ते वाचून मला थकल्यासारखे झाले. तू भांडली असतीस, तर बरे वाटले असते.

काल मंगरू ओसरीवर येऊन बसला. चहा पिता पिता त्याने विचारले, "नात का शिकून राह्यली जी तिकडं?"

"माती," मी म्हणालो.

त्याने कप खाली ठेवला. "माती शिकाले इतक्या दूर? तिकडं वाघाचं काई शिकवत नाई का?"

"शिकवतात."

"मंग पोरीनं काऊन नाई घेतलं?"

नूतन आतून म्हणाली, "मामाजीनं घेऊ नाई देल्लं." मंगरूने माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली. "घाबरले ना, गुरुजी? घाबराचंच. मी बी घाबरतो. पण आमी घाबरतो त इथं घाबरतो. ती तिथं एकटीच घाबरत असन."

हा विचार माझ्या मनात आला नव्हता. तू त्या वर्गाच्या दारावरून रोज जात असशील, आत इतर देशांची मुले लांडग्यांविषयी आणि अस्वलांविषयी बोलत असतील, आणि तू पुढच्या वर्गात जाऊन मातीचे थर मोजत असशील. कोणाला काही सांगितले नसशील. घरात आम्हीही दोन वर्षे असेच केले. तिची साडी, तिचा विळा, तिच्या हातचे लोणचे, या सर्व शब्दांना आम्ही वळसा घालत गेलो. तुझ्या वडिलांशी मी हवामानावर बोलतो.

आज सकाळी मंगरू, आदेश, नूतन आणि मी, असे सर्व मिळून त्या बांधीवर गेलो. त्या दिवसापासून मी तिकडे फिरकलो नव्हतो. बांधी पडीक आहे, आदेशनेही ती लावली नाही. कडेला दगडांची रास आहे. वाघाने माणूस नेले त्या जागी येणाऱ्या-जाणाऱ्याने एक दगड ठेवावा, अशी मंगरूच्या लोकांची रीत आहे, हे तू ऐकले असशील. पहिला दगड त्याने ठेवला, तेव्हा मी त्याला रागावून बोललो होतो. आपल्या घराने देव सोडले ते दगड पुजण्यासाठी नव्हे, असे काहीसे म्हणालो होतो. त्यावर तो शांतपणे म्हणाला होता, "पूजा नाई होय, गुरुजी. इथं माणूस गेलं, जपून जा, एवढंच सांगाचं हाय. अन् बाई एकटी नोको राह्यले."

तेव्हा मी ते ऐकून घेतले नाही. आज पाहिले तर रास माझ्या गुडघ्याच्या वर आली आहे. मी एकदाही गेलो नाही, पण गाव जात राहिले. सरितासुद्धा भाजीला जाताना ठेवत असे, असे नूतनने सांगितले. नूतनही ठेवत असे. माझ्या घरातली माणसे माझ्यापासून लपवून हे करत होती.

मी एक दगड उचलून ठेवला. मी हात जोडले नाहीत. त्या दगडाखेरीज मी तिच्याशी आणखी काय बोलणार होतो?

मंगरू म्हणाला, "आणखी एक ठेवा, पोरीच्या नावानं." नूतन दगड उचलू लागली. मी तिला थांबवले. तुझा तू ठेवशील.

म्हणून हे पत्र. निवड बदलावयाची मुभा उद्या संपते. हे पत्र तू केव्हा उघडशील याची मला खात्री नाही, तेव्हा मी नूतनला तुला फोन करावयास सांगितले आहे. ती मघापासून पदराने फोन पुसत उभी आहे आणि म्हणते आहे, "शेवटी आले ना फोनवर, मामाजी!" तिला आज हसू दे.

वाघाचा अभ्यासक्रम घे. मातीचा पुढे कधीही घेता येईल. ते दोन महिने येथे ये. दिवसा हिंड, चौघांना बरोबर घेऊन हिंड, आणि सरिताला भेट, कारण तिला सांगावयाचे पुष्कळ आहे आणि ऐकणारे कोणी बसत नाही. माझी भीती गेलेली नाही. तू बांधावर असशील तेव्हा मी ओसरीवर बसून असेन, आणि तू परत आलीस की बहुधा तुझ्या शब्दांतल्या चुका काढीन. ते मनावर घेऊ नकोस.

त्या वर्गात तुला कोणी विचारले की तुझा या विषयाशी संबंध काय, तर सांग. काय सांगावे हे तुला सुचले नाही, तर मी लिहून देतो. तुझ्या आईचे नाव सत्यशीला होते. ती विळा डाव्या हातात धरत असे आणि त्यामुळे कापणीच्या ओळीत तिच्या शेजारी बसावयास बाया कुरकुरत. नाटकात नायिका रडू लागली की ती मोठ्याने हसे, आणि मागच्या रांगेतली माणसे तिला गप्प करीत. त्या दिवशी बांधीचा एक कोपरा तेवढा कापावयाचा राहिला होता, आणि बाकीच्या जेवावयास बसल्या तरी ती म्हणाली, "एवढं करूनच येतो." तिच्यामागे एक मुलगी आहे, ती नॉर्वेत शिकते. यातले त्यांच्या भाषेत जेवढे बसेल तेवढे सांग.

तुझा दगड मी बांधावर वेगळा काढून ठेवला आहे. बेताचा आहे, तुला उचलेल.

वाट पाहतो.

तुझा आबाजी, आणि
सत्यशीलेचा बाप